आश्विनातलं पाणी

१

“पानी मीच घेतलां,” असं महिपत शिवगण म्हणाले तेव्हा खोलीत आम्ही पाच माणसं होतो. दोघांनी हुश्श केलं, एकीचा चेहरा उतरला, खुद्द महिपत खिडकीबाहेर बघत राहिले आणि मला हसू आलं. ते मी पदराआड लपवलं. पोलीस खात्यात जन्म काढला की एवढं जमतं.

खोली रत्नागिरी शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातली. शहरातल्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं पाणी इथे येतं, हौदाहौदांतून फिरतं, गाळ खाली बसतो. मग ते गाळून, औषध घालून पाइपातून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, औद्योगिक वसाहतीत जातं. तिथली एक मोठी शीतगृहाची कंपनी ते यंत्रं थंड ठेवायला वापरते. म्हणजे कंपनीला धरणाचं पाणी लागत नाही आणि तेवढं पाणी खालच्या वाड्यांच्या नळांना येतं. योजना चांगली आहे. लोक नाकाला पदर लावतात, ते लावोत.

तर हे पाणी वाटेत कुठेतरी जात होतं. नवरात्रात कंपनीची पहिली तक्रार आली. केंद्रातून पाणी पुरतं निघायचं, कंपनीत अपुरं पोचायचं. बरीच शोधाशोध झाली आणि आता पौषात, मागच्या आठवड्यात, पावसच्या अलीकडे महिपतांच्या बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जो व्हॉल्व्हचा चेंबर आहे त्यात एक काळा पाइप सापडला. पाइपाचं दुसरं टोक बागेत होतं. म्हाताऱ्याला बोलावलं, आणि म्हातारा आल्या आल्या कबूल झाला.

“मग विषयच संपला,” अमरदीप सकपाळ म्हणाला. हा पाणी खात्याचा अधिकारी, खेडकडचा, कामाला चोख आणि घाईचा. “सोमवारी पोलिसांत तक्रार देतो. तांबेबाई, तुम्ही तेवढं चौकशी करून पानभर लिहून द्या. बाहेरच्या माणसाने बघितलं असं कागदावर असलं की बरं.”

तांबेबाई म्हणजे मी, कमल तांबे, निवृत्त हवालदार. मला अशी पानभर कामं अधूनमधून मिळतात.

“आम्हाला चोराशी देणंघेणं नाही,” कंपनीचा ऋत्विक केतकर म्हणाला. यंत्रांचं पाणी-वीज बघणारा, तरुण, सदा मोबाइलमध्ये डोकं. “उन्हाळ्यात परत असं झालं तर आम्ही धरणाच्या पाण्यावर जाणार. वरून तसं स्पष्ट आलंय.”

केंद्राची प्रमुख नम्रता माने टेबलाच्या टोकाशी उभी होती. चेहरा उतरला होता तो तिचाच. ती पुढे झाली. “सर, मला वाटतं हे—”

“तुमी मदी बोलू नका, बाई,” महिपत तिच्याकडे न बघता म्हणाले. “मी घेतलां म्हनतंय ना? लिवा नि मोकले व्हा.”

ती गप्प झाली. म्हातारे काळा चष्मा सावरत निघून गेले.

आता माझ्या हसण्याचं कारण. माझे आई-वडील दोघंही पावसच्या बागांतून मोलाने राबले. हापूसचं झाड पावसाळा गेल्यावर तहानेलं ठेवायचं असतं, हे मला शाळेच्या आधी कळलं. आश्विन-कार्तिकात जमीन तडकू द्यायची, झाडाला ताण पडू द्यायचा, मग ते मोहोरतं. त्या दिवसांत पाणी मिळालं तर झाड खुशाल नवी पालवी काढतं आणि त्या साली आंबा विसरायचा. आयुष्यभर हापूस केलेला माणूस नवरात्रात चोरून पाणी आणून आपल्या कलमांना घालेल, यावर माझा तरी विश्वास बसेना.

म्हातारा धडधडीत खोटं बोलत होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले. वाटेतल्या सगळ्या बागा मोहोरलेल्या होत्या, वास नाकात भरत होता. महिपतांच्या गडग्याच्या आत पाऊल टाकलं आणि वास थांबला. वरच्या अंगाची सगळी कलमं तांबूस-पोपटी पालवीने भरली होती. दिसायला देखणी. बागायतदाराला मात्र ती पालवी म्हणजे बुडालेलं साल.

महिपत मांगरापुढे बसले होते. मांगर म्हणजे बागेतली कामाची झोपडी. मुंबईहून डोळ्याचं ऑपरेशन करून आले होते म्हणून तो काळा चष्मा. मला बघून म्हणाले, “परत काय? काल सांगितलां ना सगलां.”

“सांगितलंत. पण हापूसला पाणी कधी घालतात ते माझ्या बापाने मला सांगितलेलं वेगळं होतं, महिपतदादा.”

ते पायाशी पडलेली काटकी मोडत बसले.

“कोणत्या झाडांना घातलंत?”

“वरच्या.”

“कशासाठी?”

“चूक झाली.”

“सत्तरी गाठल्यावर?”

“मानसाची बुदी फिरते कंदी कंदी.” त्यांनी तोंड फिरवलं.

मी वर चढून बघून आले. प्रत्येक कलमाला आळं केलेलं होतं. गोल, कड बोटांनी थापलेली, वर पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरलेला, ओल टिकावी म्हणून. काम इतकं निगुतीचं की बघत राहावं. पण आळं होतं अगदी बुंध्याला चिकटून. हापूसच्या जुन्या कलमाला खत घालायचं तरी आमच्याकडे फांद्यांच्या घेराखाली चर मारतात, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. बुंध्याशी आळं करायला ते काय अंगणातलं जास्वंदीचं झाड आहे? ही आळी महिपत शिवगणांच्या हातची नव्हती. कोकणातल्या कुठल्याच बागायतदाराच्या हातची नव्हती.

खाली येऊन मी म्हटलं, “दादा, एक ध्यानात घ्या. आज ही गोष्ट पाच माणसांना माहीत आहे. पोलिसांत गेली की बाजारात जाईल. मोरीचं पाणी घातलेल्या बागेचा आंबा म्हणून तुमच्या पेटीला पुढच्या सालीही कोणी हात लावणार नाही.”

“मना ठाव हाय.”

“तरीही?”

“तरी पन.” मग जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, “शिक्षा मलाच व्हायची ना? का त्या केंद्रातल्या मानसांवर पन जायचां?”

चोराला पहारेकऱ्याची काळजी वाटते, हे मी माझ्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकत होते.

३

गडग्यापलीकडे मालन राहते. नवरा मुंबईत गिरगावात कुठे कामाला, ती इथे एकटी. तिने मला कोकम सरबत दिलं आणि बसायला पाट दिला. आमचं बोलणं तिने गडग्यावरून ऐकलं होतं. मालनला विचारावं लागत नाही, फक्त समोर बसावं लागतं.

“म्हातारा नि चोर?” ती म्हणाली. “ओ बाय, म्हातारा हता कुठं? घट बसले त्या दिवशी पोरानं नेलान त्याला मुंबैला, डोल्याच्या आपरेशनला. आला तो दिवाली झाल्यावर. मी सोता त्याच्या तुलशीला पानी घातलां.”

“आणि राखणीचा नेपाळी? इकडच्या बागांत असतोच ना एखादा?”

“तो दसऱ्याच्या आदीच घराकडं जातो त्याच्या. सगलेच जातात. बाग रिकामी हती.”

“मग पाणी कोण घालत होतं?”

“मना वाटला नेपाली परत आला आसल. दर सोमवारी बघावां तर वरची माती ओली. मी म्हनलां, ह्याला काय याड लागलां? पन मानूस कंदी दिसला नाय.”

“फक्त सोमवारी ओली?”

“व्हय. आयतवारी मी नसते ना हिकडं. पावसला देवलाजवल शहाळी इकते. पर्यटक येतात.”

म्हणजे पाणी घालणारा रविवारी यायचा, आणि मालन नसते हे हेरून यायचा किंवा त्याला रविवारच मोकळा असायचा. मी सरबत संपवलं.

“महिपतदादांचं कोणाशी वाकडं आहे का गं?”

“सखाराम भुवडाशी. हद्दीवरून. दोगांत बोलनां नाय.” तिने माझा रिकामा पेला उचलला. “बोलनां तसां सुनेशी पन नाय. पोरानं घाटावरची केलान ना. लग्नाला दोन वर्सां झाली, म्हातारा तिच्याशी सबूद बोललेला नाय. ती पन पायरी चढत नाय. पोरगा संदेश लोट्याला कंपनीत, शिफ्टा असतात, सुट्टी गावली की एकटाच येतो नि जातो. पन शिवगणांचां सोडा, त्या सखारामाकडं जावा तुमी. तो काय बी करल.”

सखारामाकडे मी जाणारच होते. चेंबरचं कुलूप फोडलेलं नव्हतं. ते किल्लीने उघडलं होतं आणि किल्ल्या तीनच होत्या. एक केंद्रात नम्रताकडे, दुसरी कंपनीत ऋत्विककडे. तिसरी, ज्याने ही पाइपलाइन टाकली त्या ठेकेदाराकडे. ठेकेदाराचं नाव सखाराम भुवड.

४

सखाराम टँकर धुवत होता. पाइपलाइनची कामं संपली की तो टँकरने पाणी पुरवतो. कंपनीत पाणी कमी पडलं की फोन त्यालाच जातो. शिवाय त्याची स्वतःची हापूसची बाग महिपतांच्या बागेला लागून आहे. संशय घ्यायला यापेक्षा सोयीचा माणूस मिळणं कठीण.

“या तांबेबाई,” तो म्हणाला. “बेड्या आणल्यात का?”

“गरज पडली तर मागवीन. चेंबरची किल्ली कुठे आहे?”

“हाय ना, ही काय.” त्याने खिशातून जुडगा काढून दाखवला. “आणि आता इचारा, महिपतची बाग मी बुडवली काय म्हणून.”

“बुडवली का?”

तो मोठ्याने हसला. “बुडवायची असती ना, तर अगदी असाच बुडवला असता. नवरात्रात हापूसला पाणी. न कुऱ्हाड, न आग, बाग उभी नि साल बाद! ज्याला कोणाला सुचलां त्याला मानला पायजे.”

हे ऐकून मी थोडी थबकले. माणूस स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून वर गाठ बरी बसली का विचारत होता. पण त्याचं म्हणणं खरं होतं. महिपतांचं वाईट करायचं असेल तर पाण्यासारखं हत्यार नाही. किल्ली त्याच्याकडे, वैर त्याचं, टँकरचा धंदा त्याचा.

“आळी तुम्ही बघितलीत?” मी विचारलं.

“कसली आळी?”

“वरच्या कलमांना आळी केलीत. छान थापून, वर पातेरा पसरून.”

सखारामाचं हसणं थांबलं. त्याला खरंच कळेना. “पातेरा? बुडवायला आलेला मानूस पातेरा कश्याला पसरील? पाइप सोडील नि पळंल.”

मलाही तेच वाटलं होतं. वैरी ओल टिकवत बसत नाही.

तिथून मी कंपनीत गेले. ऋत्विकने मला कूलिंग टॉवर दाखवले. वरून पाणी कोसळत होतं, खाली हौदात पडत होतं. वास नाही, रंग नाही. मी हात ओला करून बघितला तर तो म्हणाला, “मॅडम, पाणी उत्तम आहे. आमची तक्रार पाण्याबद्दल नाही, न मिळण्याबद्दल आहे. रविवारी कंपनी बंद असते, थंडी राखण्यापुरती एक-दोन यंत्रं तेवढी चालतात. त्या दिवशी आमची टाकी भरते आणि सोमवारी सगळं एकदम चालू होतं. नवरात्रापासून सोमवारी टाकी अर्धीच मिळायला लागली. मासळीने भरलेली शीतगृहं आणि पाणी नाही. आमची काय अवस्था झाली असेल!”

“आधी रविवारी टाकी भरून वाहायची का?”

“भरपूर. पावसाळाभर जादा पाणी खाडीला जायचं. दसऱ्याच्या आधी आम्ही नवा टॉवर चालू केला, तेव्हापासून थेंब जादा होत नाही.”

“केंद्राला कळवलं होतं?”

“कळवायचं राहिलं बहुतेक.” त्याने मोबाइल खाली ठेवला. “मॅडम, मी गुहागरचा. घरची कलमं आहेत. त्या आजोबांची कबुली मला काल पटली नव्हती. पण साहेबांना चोर मिळाला होता, मी कशाला मधे पडू?”

“बरं केलंत,” मी म्हटलं. ते बरं नव्हतं, पण तरुण माणसांना सगळंच तोंडावर सांगून उपयोग नसतो. “पाणी अजून कमी पडतंय?”

“नाही ना. तीच गंमत. दिवाळीनंतर आपोआप थांबलं.”

मी गेटबाहेर येऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिले. महिपत मुंबईला गेले तेव्हा चोरी सुरू झाली आणि ते परतले तेव्हा थांबली. बागेत पाणी तेवढ्यापुरतंच येत होतं जेवढे दिवस मालक नव्हता. वैरी असता तर मालक आल्यावरही एखादी संधी शोधली असती. हे काम कोणीतरी मालकाच्या गैरहजेरीत, मालकासाठी केलं होतं. बाग राखली होती. फक्त राखणाऱ्याला हापूस माहीत नव्हता.

किल्ल्या तीन. सखाराम पावसचा, त्याला हापूस माहीत. ऋत्विक गुहागरचा, त्यालाही माहीत. रिक्षा आली तेव्हा मी केंद्रात जायचं सांगितलं.

५

नम्रता प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मी आत गेले नाही. आधी इमारतीच्या मागे एक चक्कर मारली. तिथे तिने लिंबाची रोपं लावली होती, केंद्राच्याच पाण्यावर वाढवलेली. एकेका रोपाला बुंध्याशी गोल आळं, कड बोटांनी थापलेली, वर वाळलेली पानं.

ती मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी काय बघते आहे ते तिला दिसलं.

“गाव कुठलं तुमचं?” मी विचारलं.

“जत. सांगलीकडचं.”

“आणि सासर?”

ती दारातून बाजूला झाली. म्हणाली, “तुम्हाला कळलंय.”

“मालनकडून कळलं की महिपतांची सून घाटावरची आहे. नाव तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथे सगळे तुम्हाला माने म्हणून ओळखतात. पण बागेतली आळी आणि ही आळी एकाच हातची आहेत.”

तिने मला आत बसवलं. हात पुसत पुसत बोलायला लागली.

“आमच्याकडं पाण्याचं फार हाल. आई भांडी धुतलेलं पाणी घमेल्यात साठवायची आणि दारातल्या दोन लिंबांना घालायची. त्यावर ती झाडं जगली. या शिक्षणात मी शिरले ते त्या घमेल्यामुळंच. लग्न झालं तेव्हा मामंजी संदेशला म्हणाले, गटाराच्या पाण्यात हात घालणाऱ्या बाईच्या हातचं मी खाणार नाही. मी जायचंच बंद केलं.”

“मग नवरात्रात?”

“ते ऑपरेशनला गेले. संदेश म्हणाला, बाग रिकामी आहे. व्हॉल्व्ह बघायला त्या बाजूला गेले होते तर आत डोकावले. जमीन भेगाळलेली, पानं मलूल, ऊन तर असं! मला वाटलं, झाडं मरताहेत. म्हातारा डोळे बरे करून येईल आणि पहिलं काय बघेल तर वाळलेली बाग.” तिचा आवाज चढला. “आणि रविवारचं जादा पाणी तर खाडीलाच जात होतं! टॉवर नवा बसलाय हे मला माहीत नव्हतं. मी दर सुट्टीला जाऊन आळी केली, पाणी सोडलं. ते यायच्या आत काम थांबवलं, पाइप होता तिथेच टाकून दिला. नंतर एकदा रस्त्यावरून बघितलं तर सगळ्या झाडांना पालवी फुटलेली. काय सुंदर दिसत होती बाग! मी त्या दिवशी घरी जाऊन गोड केलं.”

आमच्या धंद्यात माणसाला वाईट बातमी द्यायची सवय असते. ही द्यायला मला जड गेलं.

“नम्रता, हापूसला पालवी फुटली म्हणजे मोहोर गेला. आश्विनात त्याला तहानलेलं ठेवतात. तुम्ही पाणी घातलंत त्या कलमांना यंदा एक कैरी धरणार नाही.”

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. हातातली बाटली तिने सावकाश टेबलावर ठेवली, आणि ठेवल्यावरही ती धरूनच राहिली.

“त्यांना ठाऊक आहे? मी घातलं म्हणून?”

“आल्या दिवसापासून ठाऊक असणार. पाइप केंद्राचा, आळी घाटावरची. त्यांना माझ्याइतकं फिरावं लागलं नसेल.”

“मग ते मीच घेतलं का म्हणाले?”

“ते त्यांना विचारा. मी तुम्हाला वेगळं विचारते. त्या दिवशी तुम्ही बोलायला गेलात आणि गप्प का झालात? तुमच्यासमोर म्हातारा चोर ठरत होता.”

तिने मान खाली घातली.

“दोन वर्षांत ते माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं ते. मदी बोलू नका, बाई. मला ते मोडवेना.”

मी उठले. माझं पान मला लिहायला सापडलं होतं, पण ते लिहायची वेळ आली नाही. नम्रताने पर्स उचलली आणि म्हणाली, “सकपाळ सर आज संध्याकाळपर्यंत असतील ना?”

६

अमरदीपने सगळं ऐकलं. ऐकताना तो तीनदा खुर्चीतून उठला. त्याचं बरोबरच होतं. केंद्राच्या प्रमुखाने, केंद्राच्या किल्लीने, केंद्राचं पाणी सासऱ्याच्या बागेत सोडलं होतं. हेतू कितीही चांगला असला तरी कंपनी अडचणीत आली होती आणि योजना बुडायच्या बेतात होती.

“तुमच्या मामंजींचं नाव तक्रारीत येणार नाही,” शेवटी तो म्हणाला. “पण चौकशी होईपर्यंत तुम्ही प्रमुख नाही. प्रयोगशाळेत बसा. किल्ली द्या.”

तिने किल्ली टेबलावर ठेवली. ऋत्विकला फोन झाला. पाइपात गळती नाही, चोरटोळी नाही, एका माणसाची चूक होती आणि ती संपली आहे, हे ऐकल्यावर त्याला बरं वाटलं. नवा टॉवर बसवल्याचं आपण कळवलं नव्हतं, हेही त्याने कागदावर द्यायचं कबूल केलं. एवढं त्याच्याकडून मी अपेक्षिलं नव्हतं. कंपनी आहे त्या पाण्यावर राहिली.

खरं म्हणजे माझं काम इथे संपलं होतं. पण नम्रता रस्त्यावर उभी राहून म्हणाली, “तुम्ही याल का माझ्याबरोबर? मला ती पायरी माहीत नाही.” म्हणून गेले.

महिपत ओटीवर बसले होते. मला बघून ते चिडणार होते, मागून येणारी दिसली आणि चष्मा सावरायला लागले. नम्रता अंगणातच थांबली.

“मी सांगितलं सगळं,” ती म्हणाली. “साहेबांना. तुमच्यावर आता काही नाही.”

म्हातारा उठून उभा राहिला.

“कश्याला बोललीस? मी सांगितलां हतां ना मदी बोलू नको? माजा काय जातंय, मी म्हातारा! तुजी नोकरी—”

“नोकरी आहे. प्रमुख नाही राहिले.”

“येडी काय गो तू?” त्यांचा आवाज फाटला. “आनि हापूसला पानी! आश्विनात! ह्या गावातलां शेंबडां पोर सांगल, नको घालू म्हनून. घालायच्या आदी इचारायचां नाय कुनाला?”

“कोणाला विचारू, मामंजी?”

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

महिपतांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, दुसराही फारसा वेगळा नव्हता. ते खाली बसले. मी गडग्याकडे बघत उभी राहिले, कारण अशा वेळी निवृत्त हवालदाराने दुसरीकडे बघावं.

“मना इचारायचां,” ते म्हणाले. आणि मग चष्मा हातात फिरवत, “पन मी सांगितलां नसतां.”

मालनच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता.

“तुज्यासंगं बोललो असतो तर माजी बाग मोहोरली असती,” महिपत म्हणाले. “चोरी कुनाची म्हनायची मग? म्हनून मी घेतलां म्हनलो. खोटां नाय बोललो मी.”

नम्रता तशीच अंगणात होती. त्यांनी सरकून ओटीवर जागा केली, हाताने जमीन झाडली.

“ये. बस हितं. नि ध्यान दिऊन आयक, परत सांगनार नाय. मोहोर आला की पानी नाय. कैरी वाटान्याएवडी धरली की मग घालायचां. तां बी बुंध्याशी नाय, फांदीच्या घेराखाली. समजलां?”

“समजलं,” ती म्हणाली, पायरी चढून त्यांच्या शेजारी बसली आणि मोठ्याने रडायला लागली.

“नि पातेरा मातूर चांगला घातलावतास,” म्हातारा म्हणाला.